साखरेच्या गोदामातली गोदावरी

तौरअण्णा आमच्या घरी पहिल्यांदा आले, तेव्हा चहा पुढे येण्याआधीच त्यांनी आमचा दिवाण मोजला. खिशातून सुतळीचा तुकडा काढला, आडवा धरला, उभा धरला, गादीवर मूठ दाबून पाहिली आणि नाराजीनं मान हलवली.

"न्हाई बाई. हितं घोडं उभं ऱ्हानार न्हाई. गादी दबती."

आम्ही कारखान्याच्या वसाहतीत नुकतेच राहायला आलो होतो. घोडा कुणाचा आणि तो आमच्या दिवाणावर कशासाठी उभा राहणार, काही कळेना. आमचे हे तर खुर्चीवरून अर्धे उठलेच. अण्णा मात्र शांतपणे बशीत चहा ओतत म्हणाले, "पन दिवानावर निजामाचा दिवान पाडला असता, तर मजा आली असती, न्हवं?" आणि स्वतःच एवढे हसले, की निम्मा चहा गादीवर.

अण्णा म्हणजे विश्वंभर तौर. माजलगावच्या वाटेवर आमचा सहकारी साखर कारखाना. तिथं शेतकी विभागात अण्णा सुपरवायझर आणि त्याच खोलीत मी टायपिस्ट. कुठली टोळी कुठल्या शिवारात तोडीला पाठवायची, ट्रॅक्टर कुठल्या वाटेनं आणायचा, हे सगळं त्यांच्या डोक्यात. ऊसतोडीत नवराबायकोच्या जोडीला 'कोयता' म्हणतात. अण्णांनी हे माप सरळ अठराव्या शतकाला लावलं होतं.

"निजामाकडं कोयतं लई व्हतं बाई, पन मुकादम धड एक न्हाई! म्हनून मार खाल्ला."

मार खाल्ला तो राक्षसभुवनला. अण्णांचं गाव तिथून जवळच, गोदाकाठी. त्या लढाईचं वेड त्यांना कधी लागलं कोण जाणे. पण समोर कुणीही सापडो, रेशनच्या रांगेतला असो की एसटीची वाट बघणारा, अण्णा त्याला पाच मिनिटांत गोदावरीच्या काठावर नेऊन उभं करायचे.

"हे बघा. निजामाची फौज गोदावरी उतराया लागली. निम्मी पल्याड गेली, निजाम बी गेला. निम्मी अल्याड ऱ्हायली, तिच्यासंगं दिवान. आन् नदीला आला पूर! मागून पेशवा आला. पोरसवदा गडी, मिसरूड फुटलेलं. संगं त्याचा काका. अदल्याच वर्षी ह्या काकापुतन्यांची आपसात लढाई झालती बरं का! तर ह्यो काका हत्तीवर बसून पुढं घुसला आन् घेरला गेला. आता काय करावं त्या पोरानं?"

इथं ते थांबायचे. एसटी निघून गेलेली असायची.

अण्णांना ही लढाई नुसती सांगायची नव्हती, लढायची होती. बोटभर उंचीचे मातीचे शिपाई, घोडे, हत्ती, तोफा, दोन्हीकडची फौज, आणि नियम लावून खरा डाव. त्याची आखणी वर्षानुवर्षं चालू होती. डाव मात्र कधी लागत नव्हता, कारण आखणीच संपत नव्हती. कुणी विचारलं, "अण्णा, लढाई कधी?" की उत्तर ठरलेलं, "आदी वैरन बोला!" एवढ्या घोड्यांना चारा कुठून येणार, हे ठरल्याशिवाय फौज हलवायची नाही. हे वाक्य ते कुठंही वापरत. ऑफिसातल्या शिपायाच्या मुलीचं लग्न ठरलं, तर पेढा तोंडात टाकता टाकता अण्णा म्हणाले, "ते समदं ठीक हाय, आदी वैरन बोला. वऱ्हाड कशानं येनार?"

मग दुष्काळ पडला. धरणात तळ दिसायला लागला, ऊस वाळून गेला, आणि त्या वर्षी कारखान्याचं धुराडं पेटलंच नाही. टोळ्या दूर पश्चिमेकडच्या कारखान्यांवर निघून गेल्या. सगळे कपाळाला हात लावून बसलेले, आणि एक दिवस अण्णा सायकलीला दोन्हीकडून पोती लटकवून, घामानं निथळत आले.

"बाई! धरनातला गाळ बघा! लोन्यावानी! असली माती जन्मात मिळायची न्हाई!"

त्या उन्हाळ्यात अण्णांच्या अंगणात भरती सुरू झाली. गाळाचे शिपाई, ज्वारीच्या चिपाडाच्या तोफा, खराट्याच्या काड्यांचे भाले. अण्णांच्या बायकोच्या, सुमनवहिनींच्या, एकाही पातळाला पदर राहिला नाही. सगळ्यांचे झेंडे झाले. "घरात प्यायला टँकरचं पानी, आन् ह्यांचं घोडं दोनदा आंघोळ करतंय," वहिनी म्हणायच्या. पण हत्तींच्या झुली त्याच शिवायच्या, आणि टिकल्या लावून अशा शिवायच्या, की निजामानंही मान डोलवावी.

एकदा गावातल्या कुणीतरी विचारलं, "अण्णा, ह्यात आपले कोनचे?"

अण्णा चमकून म्हणाले, "लई अवघड इचारलंस बे. आपलं गाव तवा निजामाच्या मुलखात. दोन्हीकडं आपलीच पोरं. म्हनून तर दोन्हीकडचे शिपाई सारक्याच मातीचे केलेत."

त्यातच कारखान्यानं ऊस उतरवायच्या मोकळ्या आवारात जनावरांसाठी चारा छावणी उघडली आणि तिची व्यवस्था अण्णांकडे दिली. फाटकाशी नावं लिहायला मला बसवलं. अण्णांचा आनंद बघायला हवा होता. छावणी! आता त्यांच्या डोक्यात दोन छावण्या एकदम नांदायला लागल्या. एकदा तालुक्याचे साहेब तपासणीला आले. अण्णा भिंतीवर कोळशानं हिशेब मांडत होते.

"जनावरं किती?" साहेबांनी विचारलं.

"अल्याडची का पल्याडची?"

"पल्याड पण छावणी आहे?"

"हाय की. पन तिचा काय उपेग न्हाई, मधी पूर येनार."

साहेबांनी रणरणत्या उन्हाकडे पाहिलं. "पूर?"

"येनार म्हंजे येनार, साहेब. निळी ताडपत्री मागिवलीय."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी रजिस्टरात डोकं घातलं.

पण छावणी मात्र अशी चालली, की जनावराला वेळेवर चारा, वेळेवर पाणी. जवळच्या छावण्या भरल्यावर लांबलांबचे लोक आमच्याकडे यायला लागले. अशाच एका सकाळी फाटकाशी एक बैलजोडी आणि एक गाय आली. सोबत उंच, वाळका, पांढऱ्या मिशांचा माणूस. मी नाव विचारलं.

"श्रीपत तौर."

मी अण्णांकडे वळले, तर अण्णा एकदम आभाळात काहीतरी शोधत होते.

"बाई," आभाळाकडेच बघत ते म्हणाले, "त्यांना इचारा, बैल मारका हाय का?"

मी विचारायच्या आत तो माणूस म्हणाला, "बाई, त्याला सांगा, वासरू असताना त्यानंच बाटलीनं दूद पाजलंय. त्यालाच म्हाईत."

"त्यांना म्हनावं, वासरू असताना मारका नव्हता. आता कुनाच्या संगतीत ऱ्हायला, मला काय ठावं?"

दोघांत हाताभराचं अंतर, आणि निरोप माझ्यामार्फत. शेवटी अण्णांनी मला फर्मावलं, "लिंबाखालची जागा द्या. ... बैलाला द्या म्हनतोय मी. मानसाला न्हाई."

दुपारी सुमनवहिनींनी सांगितलं. श्रीपतराव म्हणजे अण्णांचे सख्खे थोरले भाऊ. गावच्या दूध सोसायटीच्या निवडणुकीत ते एका पॅनेलमधून उभे होते, आणि अण्णा दुसऱ्या पॅनेलचा प्रचार करत होते. थोरले पडले. घराच्या मधोमध भिंत उभी राहिली, अण्णा वसाहतीत आले, ते आजपर्यंत एकमेकांशी बोलले नव्हते.

श्रीपतराव छावणीतच बैलांजवळ राहायला लागले. आणि मी पाहत होते, त्या आठवड्यात अण्णांना लढाईची भलतीच घाई झाली. एरवी एका घोड्याच्या शेपटीवरून महिना घालवणारा माणूस, पण त्यांनी वैरण बोलायचंसुद्धा सोडून दिलं आणि जाहीर केलं, "रईवारी! साखरेच्या गोदामात!"

गोदाम रिकामंच होतं. पोतं नव्हतं, नुसता गोड वास. अण्णांनी फरशीवर गोदावरी अंथरली, ती निळी ताडपत्री, घड्या घातलेली. दर खेपेला एक घडी उलगडायची, म्हणजे पाणी चढलं. पायदळ चार बोटं चालणार, घोडा एक वीत. हल्ला केला की कवड्या टाकायच्या. जितक्या उताण्या, तितके समोरचे शिपाई आडवे. दिवाण पडला तर पेशवा जिंकला, नदीपार गेला तर निजाम. बाभळीच्या काटक्यांमागे अण्णांनी थोडं घोडदळ दडवून ठेवलं होतं.

"ही माझी राखीव टोळी," ते सगळ्यांना सांगत फिरत होते. "हिला अखेरपत्तुर हात लावनार न्हाई. दिवान नदीच्या उताराला आला, की ही सुटनार, आन् खेळ खलास! सा वर्सं झाली, ही एक चाल मी राखून ठिवलीय!"

"निजाम कोण?" मी विचारलं.

"तुमी, बाई. तुमी टाइप करताना चुका करत न्हाई."

सारी वसाहत जमली. छावणीतले शेतकरी आले, भिंतीला टेकून उभे राहिले. डाव सुरू झाला आणि मी सांगते, मला घाम फुटला! बोटभर मातीची माणसं, पण कवड्या फरशीवर वाजल्या की मी डोळे मिटून घ्यायचे. पाणी चढत होतं. माझ्या डाव्या बगलेवर गोदामातल्या मुंग्यांनी हल्ला केला, त्यावर मोठा वाद झाला. "मुंग्या दोन्हीकडच्या," असा अण्णांनी निवाडा दिला. मग घाबरून मी तोफा पाठवल्या पल्याड आणि दिवाण ठेवला उघड्यावर. लोक ओरडायला लागले.

"बाई, तोफा कावून न्हेल्या तिकडं?" मागून आवाज आला.

श्रीपतराव होते. ते पुढे आले, धोतर सावरत माझ्याशेजारी उकिडवे बसले. "सरका जरा. लहानपनी आमी वाळूत हेच खेळायचो. ह्यो कायम पेशवा. मी थोरला, म्हनून मला कायम निजाम. निजामाचं दुखनं मला इचारा."

अण्णांनी कवड्या उचलून फरशीवर ठेवल्या, भावाच्या हाताजवळ.

श्रीपतरावांनी दिवाणाला मागं न घेता तिरका काढला, पायदळ दोन्हीकडून वळवलं आणि काकांचा हत्ती मधोमध कोंडला. हत्तीभोवतीचे शिपाई एकेक करून आडवे झाले. तिकडं दिवाण चालत चालत अगदी नदीच्या उताराला आला. अण्णांनी जिथं यावा म्हणून सहा वर्षं वाट पाहिली, नेमका तिथं!

"अण्णा, टोळी सोडा!" कुणीतरी किंचाळलं. "काका जाऊ द्या! दिवाण धरा!"

नियमानुसार काका पडले तरी लढाई जिंकता येत होती. अण्णांनी काटक्या बाजूला केल्या. घोड्यांवर हात ठेवला आणि तसेच थांबले. मग त्यांनी एक एक घोडा उचलला आणि उताराकडं पाठ फिरवून हत्तीच्या दिशेनं लावला.

सगळ्यांनी कपाळावर हात मारला. श्रीपतराव तर चिडलेच.

"ये विश्वा! उलटा कुठं पळतोस? दिवान मोकळा सुटला की!"

मध्ये कुणीही बाई नव्हती. थेट बोलले होते.

"सुटू दे, दादा," अण्णा म्हणाले. मान खालीच होती, घोडे सरळ करत होते. "काका एकलाच हाय तिथं. कवाधरनं एकलाच हाय."

श्रीपतरावांनी दिवाण नदीपार नेला. राक्षसभुवनची लढाई पेशवे हरले. लोक हळहळत, भांडत पांगले. श्रीपतराव बराच वेळ हत्तीकडे बघत बसले, मग गुडघ्यावर हात टेकून उठले.

"उंद्या सकाळी परत लाव," ते म्हणाले. "बैलांना पानी दावून येतो." आणि दारातून वळून, "डाव संपल्यावर घरी येतो. सुमनला सांग."

सैन्य पेटीत भरायला मी मदत करायला लागले, तर अण्णांचं लक्षच नव्हतं. पेशव्यांचे घोडे निजामाच्या पेटीत जात होते. मग घाईघाईनं माझ्याजवळ येऊन, कुणी ऐकत नाही ना हे बघत, त्यांनी हळूच विचारलं,

"बाई, तुमी जवळ बसला व्हता. दादाचे दात नीट पाह्यले का? भाकर चावती का त्याला, का मऊ भात टाकायला सांगू?"