तिसरी हाक

संस्थान विलीन झालं आणि जव्हारच्या जुन्या नोकरांना नव्या सरकारनं सामावून घ्यायचं ठरवलं. अट एकच. ठाण्याहून डॉक्टर येणार, माणूस तपासणार, 'लायक' असा शेरा मारला तरच नोकरी. बळवंतराव दफ्तरदार बावन्न वर्षांचे, घरात दोन मुली लग्नाच्या. आणि वामनवैद्यांनी त्यांची नाडी धरली ती बराच वेळ सोडलीच नाही.

"रक्ताचा दाब चढलाय," वैद्य म्हणाले. "सर्पगंधेची मुळी देतो, आपल्याच रानातली. रोज रात्री चिमूटभर. दाब उतरेल, पण स्वप्नं पडतील. वाईट."

"स्वप्नांचं काय घेऊन बसलात, वैद्यबुवा! मला दाखला हवाय."

तपासणीला पंधरा दिवस होते. बळवंतरावांनी चिमटीऐवजी चमचा घेतला. दाब उतरला, पण स्वप्नांनी उच्छाद मांडला. रोज तेच स्वप्न: दफ्तराचे गठ्ठे कुणीतरी बैलगाडीत भरून नेतंय आणि हे दारात उभे राहून ओरडतायत, "सुकऱ्या! ए सुकऱ्या!" दुसऱ्या हाकेला पुष्पावतीबाई दचकून उठत आणि नवऱ्याला गदागदा हलवून जागं करत. तिसरी हाक काही व्हायची नाही.

आता घोळ झाला तो इथेच. सुकऱ्या म्हणजे दफ्तराचा शिपाई, वीस वर्षं त्यांच्याच हाताखाली, झोपायचा त्यांच्याच मागच्या पडवीत. तो साखरशेत गावचा. आणि त्याच्या आजीनं त्याला लहानपणीच बजावलं होतं, भूत दोनच हाका मारतं, तिसरी त्याला मारताच येत नाही. दोन हाकांत ज्यानं ओ दिली तो गेला. सुकऱ्यानं दहा रात्री तोंडात घोंगडीचा बोळा धरून काढल्या. मग त्याच्या मनात आलं, भुतानं भाऊसाहेबांचा, म्हणजे बळवंतरावांचा, आवाज उचललाय, ते दिवसा येणार नाही कशावरून? भुताला घड्याळ थोडंच कळतं! तेव्हापासून तो कचेरीतही पहिल्या दोन हाकांना गप्प राहू लागला.

"सुकऱ्या, कुळांचा गठ्ठा आण!" काही नाही. "सुकऱ्या!" काही नाही.

बळवंतरावांना ते फार लागलं. घरी जेवता जेवता त्यांचा घास हातात राहिला.

"वीस वर्षांचा माणूस हो! त्यालाही कळलं, आपलं राज्य गेलं."

"अहो, त्याला विचारा तरी काय झालंय ते," पुष्पावतीबाई म्हणाल्या.

"मी विचारू? दफ्तरदारानं शिपायाला विचारायचं, बाबा रे, माझं ऐकत का नाहीस म्हणून?"

विचारलं असतं तर गोष्ट तिथेच मिटली असती. पण मान आडवा आला, आणि तपासणीचा दिवस उजाडला.

ठाण्याच्या डॉक्टरांनी दंडाला पट्टा बांधला, पारा पाहिला. "एकशेचाळीस. छान!" त्यांनी शेरा लिहायला टाक उचलला, तर दौत कोरडी.

"सुकऱ्या, दौत आण!" बळवंतराव म्हणाले. सुकऱ्या दारातच उभा होता. हलला नाही. "सुकऱ्या!" तरी नाही. परक्या माणसासमोर ही शोभा! बळवंतरावांचे कान लाल झाले. डॉक्टरांनी पट्टा अजून सोडला नव्हता. त्यांनी पुन्हा हवा भरली आणि डोळे विस्फारले. "अहो, दोन हाकांत दोनशे?"

"सुकऱ्याऽ!"

"ओ, भाऊसाहेब!" सुकऱ्या दौत घेऊन हजर.

"बहिरा झालास? का माझा हुकूम आता चालत नाही?"

"नाय भाऊसाहेब! रोज रातचे भूत तुमच्याच आवाजात दोन हाका मारतं. दोन हाकांना ओ दिला तं माणूस मरतो. मला पोरं हायेत."

डॉक्टरांनी टाक खाली ठेवला. "रात्री ओरडता? काय घेता तुम्ही?"

संपलं सगळं. बळवंतरावांनी मान खाली घालून मुळी सांगितली, चमचा सांगितला, स्वप्नही सांगितलं.

सुकऱ्या ऐकतच राहिला. "दफ्तर नेत होते? मंग तिसरी हाक मारायची ना, भाऊसाहेब! काठी घेऊन आलो असतो मी!"

बळवंतरावांनी सुकऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला, वीस वर्षांत पहिल्यांदा. डॉक्टर पाऱ्याकडे बघत होते. तो सावकाश खाली येत येत एकशेपन्नासवर टेकला.

"चमचा बंद, चिमूटच घ्यायची," ते म्हणाले, आणि त्यांनी 'लायक' असं लिहून सही केली. "शिपाई, आता तुझी पाळी. पलीकडच्या खोलीत जा, कंपाउंडर कान तपासतील."

कान तपासायची पद्धत सोपी होती. माणसाला भिंतीकडे तोंड करून उभं करायचं आणि मागून हळूच नाव घ्यायचं. कंपाउंडर ठाण्याचा. त्यानं ना स्वप्न ऐकलं होतं, ना भूत.

"सुकऱ्या ढवळू," तो पाठीमागून कुजबुजला.

अनोळखी आवाज, तोही पाठीमागून! सुकऱ्यानं भिंतीकडे बघत दात घट्ट आवळले.

"सुकऱ्या ढवळू."

शांतता. कंपाउंडरनं मान हलवली आणि कागदावर लिहायला घेतलं, 'बहि…'

मधलं दार उघडंच होतं; अलीकडच्या खोलीत खुर्ची कोसळली. दंडाला पट्टा तसाच लोंबत असलेले बळवंतराव धावत आले आणि त्यांनी कंपाउंडरचा हात धरला.

"अहो, थांबा! पाया पडतो तुमच्या, आणखी एक हाक मारा!"