दादांच्या पोटातला खर्ज

"तुझा विश्वास बसणार नाही," बटणकाका म्हणाले, "पण या मशीननं तुझ्या भावाचा जीव वाचवलाय."

काकू केर काढायला म्हणून दिवाणाखाली वाकल्या होत्या. एका हातात केरसुणी, दुसऱ्या हातात जुन्या चादरीचं टोक, आणि चादरीखालून काळेपांढरे दात विचकत एक सिंथेसायझर त्यांच्याकडे बघत होता. त्या सावकाश सरळ झाल्या.

"बोला. ऐकतेय."

बटणकाका हे नाव गल्लीतल्या पोरांनी ठेवलेलं. काकांनी जन्मभर वाद्यवृंदांत सिंथेसायझर वाजवला, आणि वाजवला त्याहून जास्त जमवला. पहिला आणला सायकल विकून. दुसरा 'मित्राचा आहे, परवा नेईल' म्हणून आला. मित्र परदेशात गेला, परवा काही उजाडला नाही. नंतरचा 'दुरुस्तीला', त्यानंतरचा 'अगदी अनाथ होता गं'. होता होता मागच्या खोलीत माणसाला खेकड्यासारखं आडवं चालावं लागायला लागलं. तेव्हा काकूंनी कायदा केला. यापुढे एक जरी मशीन उंबरठ्याच्या आत आलं, तर मागची खोली दादांची.

दादा म्हणजे काकूंचे थोरले बंधू. निवृत्त झाल्यापासून ते बाहेरच्या खोलीत याच दिवाणावर मुक्कामाला होते आणि झाकल्या दुधाकडे मांजर बघतं तसे मागच्या खोलीकडे बघत. आत्ता ते केस कापायला गेले होते, हे काकांचं नशीब. काका तर मुद्देमालासकट सापडले होते. खोली वाचली तर गोष्टीनंच वाचणार होती.

"तू लेकीकडे गेली होतीस ना, तेव्हा हे आलं," काकांनी सुरुवात केली. "मी आणलं नाही हं, आलं. एकजण भंगारात घालत होता. भंगारात! ठेवलं दिवाणाखाली आणि एक वायर सोडली मागच्या खोलीपर्यंत. म्हणजे मी तिकडे पट्टी दाबायची, हुकूम वायरीतून इकडे यायचा आणि सूर यानं लावायचा."

"वर दादा झोपलेला?"

"दुपारची वेळ. घोरत होते, मला वाटलं ऐकू जाणार नाही. तिकडे मी अगदी खालची, खर्जाची पट्टी दाबली. इकडे घुंऽऽऽ! दादा ओरडले, 'जावईबापू, धावा, माझ्या पोटात कुणीतरी बोलतंय!'"

काकूंच्या ओठांचा कोपरा हलला. काकांना तेवढं पुरे झालं.

"मी घाबरलो गं. घाबरून काय केलं असेन? पट्टीवर बोट असतानाच वायर उपटली. तिथंच घोळ झाला. या मशिनांना 'वाजव' म्हणून एक हुकूम जातो आणि बोट उचललं की 'थांब' म्हणून दुसरा. 'वाजव' पोचलेला, 'थांब' जायला वायरच नाही. मशीन आपलं आज्ञाधारक, बसलंय वाजत."

"मग खाली वाकून बंद करायचं."

"दादा वर आडवे! काय सांगून वाकू? तेवढ्यात त्यांनीच हाका मारून वरच्या मजल्यावरच्या डॉक्टरांना बोलावलं."

काकू केरसुणी बाजूला टाकून दिवाणावर टेकल्या. ही खूण चांगली होती. काकांनी आवाज खाली घेतला.

"डॉक्टरांनी पोटाला नळी लावली. घुंऽऽ. 'उठून उभे राहा.' आवाज कमी. 'आडवे व्हा.' घुंऽऽ! डॉक्टरांनी विचारलं, 'दुपारी खाल्लंत काय?' दादा म्हणाले, 'दोन केळी.' डॉक्टर म्हणाले, 'केळी असं करत नाहीत.'"

"अगं बाई!"

"पुढे ऐक. जुनं मशीन तापलं की त्याचा सूर चढत जातो. डॉक्टरांचं तोंड उतरलं. 'वाढतंय,' म्हणाले, 'आत काहीतरी फुगतंय. ताबडतोब हलवायला हवं.' दादांनी माझा हात धरला. म्हणाले, 'जावईबापू, माझं घड्याळ तुम्हाला. आणि बहिणीला सांगा, मला त्या मागच्या खोलीचा मोह कधीच नव्हता.'"

"असं म्हणाला दादा?"

"शब्दन् शब्द! डोळ्यांत पाणी होतं. मग मात्र मला राहवेना. गेलो आणि घराचा मेन स्विचच पाडला. पंखा बंद, दिवा बंद, घुं बंद! दादांनी डॉक्टरांना मिठी मारली. डॉक्टर म्हणाले, 'आवाज गेला, पण ही सूचना समजा, तळलेलं सोडा.' तेव्हापासून दादा तळलेल्याकडे ढुंकून बघत नाहीत. आता तूच सांग, हे मशीन नसतं, तर त्या माणसाचं काय झालं असतं?"

"मला कुणी बोललं नाही ते."

"दादांनीच शपथ घातली. बहीण काळजी करेल म्हणाले."

काकांनी मनातल्या मनात मागच्या खोलीत खिडकीखालची जागा रिकामी केली, तिथलं जुनं मशीन कपाटावर चढवलं आणि हे नवं तिथं मांडूनही टाकलं. उजेड छान येत होता.

काकू उठल्या. खाली बसून त्यांनी चादर पार काढली, मशीनच्या डाव्या अंगानं हात फिरवला, उजव्या अंगानं फिरवला, पालथा हात पोटाखालीही घातला.

"अहो," त्या म्हणाल्या, "याला स्पीकर कुठाय?"

"अं?"

"तुमच्या एकाही मशीनला आवाजाचं भोक नाही. प्रत्येकाच्या मागून तुम्ही एकेक खोकं घरात आणलंत, 'त्याशिवाय हे मुकं असतं गं' म्हणून. ती खोकी मी पुसते. मग हे एकटंच बोलायला कधी शिकलं?"

काकांनी चादर परत मशीनवर ओढायला घेतली.

"थापाड्या माणसा!" काकू म्हणाल्या. "एक तर दादाच्या पोटातलं ते घुं खोटं, नाहीतर या मशीनबरोबर आणखी एक खोकं घरात आलंय. घुं खोटं असेल तर तसं म्हणा, आणि खरं असेल तर खोकं काढा बाहेर. खोली दोन्हीकडून दादाचीच."