‘कसं वाटतंय?’ या प्रश्नाबाबतचा ठराव

माणूस हा संशोधनाचा कच्चा माल असला, तरी तसं त्याला तोंडावर सांगू नये, या उदात्त विचारातून नीतिसमित्या जन्माला आल्या. आमच्या मानसशास्त्र विभागाच्या नीतिसमितीचा मी सचिव. गेल्या अकरा वर्षांत आमच्याकडे एकाही सहभागी माणसाला इजा झालेली नाही. (एकाला झाली, पण ती संमतिपत्रांचा गठ्ठा पायावर पडून, आणि गठ्ठ्याला त्याची लेखी संमती होती.)

समितीत पाच जण आहेत: अध्यक्ष, मी, एक वकीलबाई, एक डॉक्टर आणि ‘सर्वसामान्य समाजाचे प्रतिनिधी’ म्हणून अध्यक्षांचे मेहुणे. मेहुणे बैठकीत झोपतात. समाजाचं याहून प्रामाणिक प्रतिनिधित्व तुम्हाला शोधून सापडणार नाही.

तर झालं असं. एका संशोधक मुलीने सत्तरीपुढच्या लोकांच्या स्मरणशक्तीवर अभ्यास मांडला. आम्ही प्रस्तावाचा शब्द न् शब्द तपासला. चहा मंजूर. बिस्किटं दोन मंजूर, तिसरं नामंजूर, कारण तिसऱ्या बिस्किटापासून प्रलोभन सुरू होतं. एकच ओळ आमच्या नजरेतून निसटली: ‘चाचणीपूर्वी सहभागीस आज कसं वाटतंय ते विचारावे व उत्तर ऐकून घ्यावे.’

दीड महिन्यातच पाणी मुरतंय हे लक्षात आलं. चाचणी सहा मिनिटांची: दहा शब्द ऐकायचे आणि पाठ म्हणायचे. त्या एका ओळीला सरासरी बावन्न मिनिटं लागत होती. माघार घेणाऱ्यांचं प्रमाण शून्य. काम संपलेल्यांपैकी एकोणीस जण पुन्हा आले. एक आजी तर दुसरा चष्मा लावून आल्या आणि आपण आपलीच धाकटी बहीण आहोत म्हणू लागल्या. पण सगळ्यांवर कडी केली सहभागी क्रमांक ४१ यांनी. दर मंगळवारी दहाच्या ठोक्याला, इस्त्रीचा शर्ट घालून हजर. दुखरा गुडघा, फ्रीजची घरघर आणि वारलेली बायको चादरीची घडी कशी घालायची, एवढ्या भांडवलावर त्यांनी सहा मंगळवार काढले. (४१ म्हणजे कोण, हे गोपनीयतेमुळे मला ठाऊक नव्हतं.)

तातडीची बैठक बोलावली. वकीलबाईंनी नेमकं बोट ठेवलं. “अहो, हे सरळसरळ आमिष आहे. घरी मिळत नाही ते इथे मिळतंय, म्हणून माणसं येताहेत. याला स्वेच्छा म्हणायची?”

युक्तिवाद बिनतोड होता. मेहुणेसुद्धा जागे झाले. मग अध्यक्षांनी ४१ ची फाईल उघडली, माझ्याकडे बघितलं आणि खाकरले. “सचिव, तुम्ही जरा बाहेर बसा. तुमचं नातं निघतंय.”

बाहेर बाकावर माझे वडील बसले होते. इस्त्रीच्या शर्टात. आम्ही एकाच घरात राहतो, त्यामुळे बऱ्याच दिवसांनी भेट होत होती.

“बाबा, तुम्ही इथे?”

“अरे, मंगळवार ना आज.” ते सरकून बसले. “आत काय ठरतंय रे? ती पोरगी म्हणत होती, बंद होणार बहुतेक.”

“प्रकरण विचाराधीन आहे. मला त्यावर बोलता येत नाही.”

“मग त्यावर नको बोलूस. दुसरं बोल. विचार ना काहीतरी.”

मला गलबलून आलं, हे कबूल करतो. प्रश्न अगदी ओठांवर आला होता. पण आत त्याच प्रश्नावर ठराव चाललेला असताना सचिवानेच तो बाहेर बसून विचारायचा, म्हणजे समितीचं नाक कापणं झालं. मी त्यांना चहा सांगितला. बिस्किटं दोन.

ठराव एकमताने झाला. यापुढे ‘कसं वाटतंय?’ असं तोंडी विचारू नये. ‘बरे’, ‘ठीक’ आणि ‘लागू नाही’ अशा तीन चौकटी छापाव्यात. पुढच्या मंगळवारी मुलीने खाली मान घालून कागद पुढे केला. वडिलांनी तो उलटसुलट बघितला.

“कारण न देता माघार घेता येते ना गं?”

“येते, आजोबा.”

त्यांनी सही केली आणि चहा न घेता घरी गेले. अभ्यासातली ही पहिली माघार. सहभागींच्या स्वातंत्र्याचा पुरावा म्हणून वार्षिक अहवालात आम्ही ती ठळक अक्षरांत छापली आहे.

अभ्यासाचा खरा हेतू झाकलेला असेल, तर नियमानुसार शेवटी तो सहभागीला सांगावा लागतो. (आम्हालाही तो मुलीच्या शेवटच्या अहवालातच कळला.) ते काम माझ्याकडे आलं. जेवताना मी म्हणालो, “बाबा, तो अभ्यास स्मरणशक्तीचा नव्हता. एकटेपणाचा होता.”

“माहीत होतं,” ते म्हणाले. “दहा शब्द पाठ म्हणायला कोण शर्टाला इस्त्री करतं?”

हा ठराव घरोघरी लागू करावा, असं आता समितीच्या मनात आहे. पण पाहणीत आढळलं, की बहुतेक घरांत तो आधीपासूनच काटेकोर पाळला जातो. तरीही कुठे उल्लंघन झालं असल्यास, म्हणजे घरातल्या म्हाताऱ्या माणसाला कसं वाटतंय ते विचारून उत्तर संपेपर्यंत कुणी थांबलं असल्यास, लेखी तक्रार करावी. पेटी जिन्याखाली आहे, कुलूप मी रोज उघडतो. चार महिन्यांत एकही तक्रार आलेली नाही. तुमच्या घरूनही नाही.