बोरव्ह्यात बोललेलं उद्या ऐकू येतं

बोरव्ह्यात बोललेलं दुसऱ्या दिवशी ऐकू येतं. जिथं बोललं तिथंच, त्याच वेळेला. म्हणून नगरपरिषदेनं प्रत्येक घराला पाटी दिली आहे. भाजीचा भाव पाटीवर ठरतो. कौतुक तोंडी करतात, कारण ते उद्यापर्यंत थांबू शकतं.

गावातल्या सगळ्या दुकानांच्या पाट्या श्रावण घोडमारे यांनी रंगवलेल्या. विधुर माणूस. लिहिण्यावर त्यांचा पूर्ण भरवसा होता. त्यांची मुलगी नलू नागपूरला बसस्टँडवर गाड्यांची घोषणा करायची. तिथं बोललेलं लगेच ऐकू येतं, हे श्रावणरावांना कधी पटलं नाही. ते तिच्याकडे एकदाही गेले नव्हते.

एक दिवस नलू घरी आली आणि तिनं पाटीवर लिहिलं, "बाबा, मी लग्न करतेय. प्रफुल्ल माझ्यासोबत कामाला आहे. लग्न नागपुरात."

श्रावणरावांनी उत्तर लिहिलं, "मी येणार नाही." अक्षरांना सवयीनं सावलीही दिली. पण लिहिताना त्यांचे ओठ हलत होते.

"आत्ता काय बोललात?" नलूनं लिहिलं.

"काही नाही. खोकला."

संध्याकाळच्या गाडीनं तिला परतायचं होतं. तिनं ऑफिसला कळवून रजा वाढवली आणि बापासमोर पाटी धरली : "उद्या ऐकून जाईन."

दुसऱ्या दिवशी वेळ जवळ आली तसे श्रावणराव रंगाचा रिकामा डबा घेऊन बसले आणि लाकडानं बडवू लागले. शेजारच्या कौसल्याबाई कुकडे नगरसेविका होत्या. त्या दारात आल्या आणि त्यांनी लिहिलं, "ऐकण्यात अडथळा आणता येत नाही. नियम आहे."

"बोलणं माझंच आहे," श्रावणरावांनी लिहिलं.

"काल तुमचं होतं. आता ऐकणाऱ्याचं आहे."

श्रावणरावांनी डबा खाली ठेवला. मग खाटेजवळून त्यांचाच कालचा आवाज आला : "नलू, तिथं तोंडातून निघालं की गेलंच म्हणतात. पुसता येत नाही. चार लोकांत माझ्या तोंडून काही भलतंच निघालं तर? मला सांभाळून घेशील का गं?"

श्रावणराव भिंतीकडे बघत होते. नलूनं पाटी उचलली, तळहात ओला केला आणि वरच्या कडेला अजून तसंच राहिलेलं 'मी येणार नाही' पुसून टाकलं. मग लिहिलं, "घेईन."

लग्नात ते पाटी छातीशी धरूनच वावरले. कुणी विचारपूस केली की लिहून दाखवायचे. पंगतीत मात्र दोन्ही हात गुंतलेले होते. ते पुटपुटले, "वरण गार आहे."

लगेच वाढप्यानं गरम वरण आणलं. श्रावणराव दचकले. थोड्या वेळानं अंदाज घेत म्हणाले, "मठ्ठा?" मठ्ठाही आला. मग त्यांनी प्रफुल्लला शेजारी बसवून घेतलं आणि नलूच्या बालपणापासून सुरुवात केली. दिवे लागले तरी ते बोलत होते. मधेच एकदा भलतंच काही निघालं, तेव्हा नलू म्हणाली, "बाबांना म्हणायचंय की त्यांना जावई आवडला." सगळे हसले. तेही हसले.

बोरव्ह्याला उतरले तेव्हा स्टँडवर कौसल्याबाई भेटल्या. त्यांनी पाटीवर विचारलं, "कसं झालं लग्न?"

श्रावणराव हातवारे करत बराच वेळ बोलले. कौसल्याबाई त्यांच्या तोंडाकडे बघत उभ्या राहिल्या. बोलून झाल्यावर श्रावणरावांनी पाटी घेतली आणि लिहिलं, "उद्या सवड काढून या. मोठं आहे."

कौसल्याबाई दुसऱ्या दिवशी घरून खुर्ची घेऊन स्टँडवर गेल्या.