रविवारचा ताबा

दिगंबर भोंडव्यांना गेली सहा वर्षं रविवार नव्हता. घटस्फोटाच्या अंतिम आदेशात तो कुमुदकडे गेला होता आणि गुरुवार त्यांच्याकडे आला होता. उरलेले पाच दिवस सामाईक होते.

शनिवारी ते झोपत आणि उठत ते सोमवारी. मधला दिवस चिंचवडमध्ये बाकी सगळ्यांना मिळे, त्यांना मिळत नसे. कुमुदचंही तसंच. ती बुधवारी दुधाला विरजण लावी आणि शुक्रवारी आंबट दही खाई. शेजाऱ्यांनी सुरुवातीला चौकशी केली, मग त्यांनाही सवय झाली. सोसायटीची सभा रविवारी असे, त्यामुळे भोंडव्यांचा काहींना हेवाच वाटे.

आता कुणी विचारेल, शहाणा माणूस रविवार सोडून गुरुवार कशाला घेईल? तर चिंचवडच्या कारखान्यांना साप्ताहिक सुट्टी गुरुवारची, आणि भोंडवे तेव्हा तिथल्याच एका कारखान्यात होते. वाटणीत गुरुवार पदरात पडला म्हणून त्यांनी वकिलांना पेढे दिले होते. रविवार घेऊन बायको कशी फसली, हे ते पुढे महिनाभर लोकांना थांबवून सांगत होते. मग तीन वर्षांनी कारखाना बंद पडला आणि नवी नोकरी लागली तिथं सुट्टी रविवारची. तेव्हापासून भोंडवे शनिवारचं काम उरकून थेट सोमवारच्या कामाला हजर. तीन वर्षांत एकही सुट्टी न उपभोगल्याबद्दल कंपनीने त्यांचा शाल-नारळ देऊन सत्कार ठेवला होता. सत्कार रविवारी होता.

हेही चाललं असतं. पण त्यांच्या एकुलत्या एक मुलीचं, तेजलचं लग्न ठरलं, आणि मुहूर्त निघाला रविवारचा.

"बाबा, मी खूप प्रयत्न केला," तेजल म्हणाली. "शनिवारी त्यांच्यात लग्न करत नाहीत. सोमवारी मुहूर्तच नाही. आणि गुरुवारी केलं तर आई नाही."

"मग मी अर्ज करतो," भोंडवे म्हणाले. लेकीच्या लग्नाला बापाने अर्ज करून यावं, यात त्यांना काही वावगं वाटलं नाही. सहा वर्षांत माणूस कशालाही सरावतो. फक्त त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही, कारण अर्ज फेटाळला गेला तर तेजल शनिवारी त्यांची असणार होती आणि सोमवारी सासरची.

कौटुंबिक न्यायालयात अंतिम आदेशात बदल मागणाऱ्यांची वेगळी रांग होती. भोंडव्यांच्या पुढच्या बाईंचा अख्खा श्रावण नवऱ्याकडे गेला होता. बाराही महिने मटण खाणारा माणूस श्रावणाचं करणार काय, असा त्यांचा मुद्दा होता आणि तो रांगेतल्या सर्वांना पटला होता.

खिडकीतल्या कारकून बाईंनी अर्ज चाळला. "परिस्थितीत बदल काय झालाय?"

"मुलगी मोठी झाली."

"तो बदल नाही हो. मुली मोठ्या होतातच. आदेश झाला तेव्हा तुम्हाला कल्पना असायला हवी होती."

"लग्न ठरलंय तिचं."

"मोठ्या झाल्यावर तेही ठरतं." पण बाई मनाने चांगल्या होत्या. त्यांनी अर्जावर 'कन्येचा विवाह, अनपेक्षित' असा शेरा मारला आणि तारीख दिली.

तारीख गुरुवारची निघाली. त्या दिवशी कुमुद हजर राहूच शकत नव्हती, म्हणून तिच्या गैरहजेरीबद्दल न्यायालयाने नाराजी नोंदवली. पुढची तारीख मंगळवारची मिळाली.

मंगळवारी कुमुद आली. निळसर साडी, हातात कापडी पिशवी, चेहऱ्यावर राग वगैरे काही नाही. तो असता तर भोंडव्यांना बरं वाटलं असतं. रागावलेल्या बाईशी कसं बोलायचं ते त्यांना पाठ होतं.

न्यायाधीश बाईंनी चष्मा वर सरकवला. "एक रविवार सामाईक करायला तुमची हरकत आहे का?"

"हरकत नाही," कुमुद म्हणाली. "पण मला बदल्यात एक गुरुवार सामाईक हवा."

"अगं, घे ना!" भोंडवे उठूनच उभे राहिले. "वसुबारसेचा घे यंदाचा. गुरुपुष्यामृत येतोय पुढच्या महिन्यात, तो घे."

"मला झालेला हवाय. पाच वर्षांपूर्वीचा, जानेवारीतला. आई गेली तो."

भोंडवे सावकाश खाली बसले.

त्यांचे वकील ढमाले तत्परतेने उठले आणि म्हणाले की, होऊन गेलेला दिवस देता येत नाही. न्यायाधीश बाईंनी मूळ आदेश पुन्हा वाचला. "इथं 'गुरुवार' एवढंच म्हटलंय. पुढचे की मागचे, असा भेद नाही. तोही गुरुवारच होता ना?"

पंचांग मागवून खात्री करण्यात आली. गुरुवारच होता.

"तुम्हाला तोच का हवा?" न्यायाधीशांनी विचारलं.

"आई दवाखान्यात होती, मॅडम. आदल्या दिवशी, बुधवारी, मी ह्यांच्याकडे गेले होते. म्हटलं, उद्याचा दिवस द्या. हे म्हणाले, आदेश म्हणजे आदेश, पण काळजी करू नकोस, मी बसतो त्यांच्यापाशी. आणि बसले. तेजलची परीक्षा होती, दुसरं कुणीच नव्हतं. मी शुक्रवारी उठले तेव्हा सगळं आटोपलं होतं. ह्यांनीच सांगितलं, हात हातात घेऊन बसलो होतो, शांत गेल्या म्हणून." तिने पिशवी मांडीवर सारखी केली. "त्याबद्दल मी ह्यांना एका शब्दानं वाईट बोलले नाही कधी. मला फक्त तिथं बसायचंय. ह्यांच्याशेजारी बसेन, एक खुर्ची जास्त लागेल."

न्यायाधीश बाईंनी भोंडव्यांकडे कौतुकाने पाहिलं. न्यायालयात असा जावई क्वचितच येतो.

तो गुरुवार भोंडव्यांनी तळेगावजवळ एका मित्राच्या शेतावर काढला होता. कारखान्यातली मंडळी हुरडा खायला गेली होती. हुरडा कोवळा होता, सोबत लसणाची चटणी आणि दही होतं. दवाखान्यात संध्याकाळी जायचं त्यांनी ठरवलं होतं आणि संध्याकाळी फोन आला. अंत्यविधीला मात्र ते वेळेवर पोचले. हात हातात घेतल्याचं त्यांनी शुक्रवारी आयत्या वेळी जोडलं, कारण कुमुदचा चेहरा बघवत नव्हता. पुढे ते इतक्यांदा सांगितलं की स्वतःलाही खरं वाटू लागलं.

त्यांनी ढमाल्यांच्या कानाशी तोंड नेलं. "संध्याकाळपासूनचा देता येईल का? सहानंतरचा?"

ढमाल्यांनी विचारलं. दिवस तोडून देता येत नाही, असं उत्तर मिळालं.

"तुमची संमती आहे ना?" न्यायाधीश बाई म्हणाल्या. "तुम्हाला तर काहीच गमवायचं नाही. तुम्ही होतातच तिथं."

भोंडव्यांनी मागे पाहिलं. तेजल शेवटच्या बाकावर बसली होती. बाबा सही करणार याबद्दल तिला तिळमात्र शंका नव्हती, त्यामुळे ती मोबाईलवर हाराचे नमुने बघत होती. नाही म्हणावं, तर ती लग्नात एकटी आईशेजारी उभी राहील. हो म्हणावं, तर कुमुद त्या खोलीत जाईल आणि एकच खुर्ची बघेल, रिकामी. ढमाल्यांनी पेन पुढे केलं. त्यांनी सही केली.

आदेशाची नक्कल कुमुदला शुक्रवारी मिळाली आणि तो गुरुवार तिला पोचला. पोच म्हणून तिने सही केली, असं कारकून बाई म्हणाल्या. त्यापुढे तिने भोंडव्यांना फोन केला नाही. त्यांनीही केला नाही.

मग रविवार आला. भोंडवे उठले तर तो होता. खाली मटणाच्या दुकानापुढे माणसं रांग लावून उभी होती, कुणी गाडी धूत होतं, सगळीकडे उशिरा उठल्याची सुस्ती होती. सहा वर्षांनी पाहिलेलं हे दृश्य डोळे भरून बघावं, एवढा वेळ नव्हता. ते फेटा घेऊन कार्यालयात गेले.

कन्यादानाला गुरुजींनी दोघांना पाटावर शेजारीशेजारी बसवलं. घटस्फोट झालाय हे कुणीतरी सांगितलं, तर ते म्हणाले, "तो तुमच्या कोर्टात. इथं आईवडील लागतात." भोंडव्यांनी ओंजळ पुढे केली. खाली तेजलची ओंजळ, तिच्याखाली जावयाची. कुमुदने तांब्या उचलला. भोंडव्यांनी तिच्याकडे बघायचं टाळलं.

पाण्याची धार त्यांच्या ओंजळीत पडू लागली.

"आई दुपारपर्यंत शुद्धीवर होती," कुमुद हळू आवाजात म्हणाली. "दाराकडे बघत होती. तीनदा विचारलं तिनं, जावईबापू जेवले असतील का. मी म्हटलं, हो, जेवले."

भोंडव्यांची ओंजळ हलली.

"ताई, धार तुटू देऊ नका," गुरुजी म्हणाले.

कुमुदने धार तुटू दिली नाही.