चालकाच्या सीटवर खुडूक कोंबडी

मी फक्त गाडी बघून येणार होतो. विकत घेणार होतो असं नाही. (हे वाक्य मी त्या महिन्यात मनाशी इतक्या वेळा म्हटलं, की शेवटी माझाही त्याच्यावर विश्वास बसेना.)

गाडी म्हणजे माझीच जुनी गाडी. अठ्ठ्याण्णव साली वडिलांकडून आलेला कातळाच्या जमिनीचा तुकडा एका बागायतदाराने विकत घेतला आणि त्या पैशांत मी तडक गोव्याला जाऊन ती आणली. लाल, बुटकी, दोन सीटची, वर कापडी टप. टप उघडून मी भाट्याच्या पुलावरून निघालो की होडीतली माणसं माना वर करून बघायची. कचेरीत मी आवक-जावक लिपिक, कुणी ढुंकून बघत नसे. त्या गाडीत मात्र मी शिवलकरसाहेब होतो.

गाडीला खोड म्हणाल तर एकच. ती जमिनीला इतकी लागून होती, की स्पीडब्रेकर आला की आमच्या मंडळींना, म्हणजे सगुणाला, खाली उतरावं लागायचं. मी गाडी अलगद पलीकडे न्यायचो, ती चालत यायची आणि पुन्हा बसायची. बिचारी कधी कुरकुरली नाही, असं माझं आपलं मत.

पुढच्या वर्षी तेजस्वी झाली. दवाखान्यातून लेकीला घरी न्यायच्या दिवशी मी गाडी धुतली, आरशाला झेंडूचा हार घातला आणि हौसेने घेतलेला सागवानी पाळणा शेजारच्या सीटवर सुंभाने घट्ट बांधला. दवाखान्याच्या दारात गेल्यावर लक्षात आलं, की आता बाळ-बाळंतिणीला जागाच नाही. सुंभ सोडायला अर्धा तास लागला असता. मग पाळणा आणि मी गाडीतून पुढे, आणि सगुणा-तेजस्वी मागून रिक्षाने. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. पण दोन महिन्यांत गाडी पूर्णगडच्या अहमदभाईंना विकली गेली. विकली मी. विकायची हे कुणी ठरवलं, ते लग्न झालेल्या वाचकांना सांगायला नको. जाताना दुसरी किल्ली द्यायला मी विसरलो, आणि विसरलो हे पाच वर्षं नीट लक्षात ठेवून ती कचेरीच्या ड्रॉवरात जपली.

दोन हजार चार साली अहमदभाईंचा कुवेतहून कचेरीत फोन आला. गाडी काढायची आहे, पहिला मान तुमचा, घरी नसीमा आहे, बघून जा म्हणाले. त्या दिवशी मी तीन आवक पत्रं जावकात चढवली.

घरी खरं सांगायची सोय नव्हती. रविवारी पिशवी घेतली आणि पूर्णगडला सुरमई ताजी मिळते, जाऊन येतो, असं सांगून एसटी पकडली. सगुणाने माझ्याकडे जरा जास्त वेळ बघितलं. मला पापलेट आणि बांगडा यांतला फरक कळत नाही, हे तिला ठाऊक आहे.

नसीमाभाभींच्या अंगणात, माडाखाली गाडी उभी होती. लाल रंग उडून वीटकरी झालेला, टपावर माडाच्या वाळक्या झावळ्या पडलेल्या. मी किल्ली काढून चालकाचं दार उघडलं. आतून "क्कॉक" असा आवाज आला. माझ्या सीटवर, माझ्या जागी, गवतात एक काळी कोंबडी पिसं फुलवून बसली होती.

"खुडूक हाय," भाभी म्हणाल्या. "गुरुवारी बसवलीय, तेरा अंड्यांवर. आता एकवीस दिवस गाडी हलायची नाय, भाऊ."

मी म्हटलं, कोंबडी उचलून टोपलीत ठेवू. भाभींनी माझ्याकडे असं पाहिलं, की मला माझीच लाज वाटली. बसवलेली खुडूक हलवली की अंडी फुकट जातात, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. शिवाय, त्या म्हणाल्या, खुराड्यात मुंगूस शिरतं. या गाडीत शिरत नाय. अख्ख्या पूर्णगडात असलं खुराडं दुसरं नाय. एवढ्या वर्षांत त्या गाडीची अशी मनापासून तारीफ माझ्याशिवाय कुणी केली नव्हती.

मी दर रविवारी जाऊ लागलो. माडाखाली उभा राहून गाडी बघायचो, कोंबडी मला बघायची. भाभी चहा द्यायच्या आणि निघताना पिशवीत अर्धा डझन अंडी घालायच्या. सुरमई आणायला गेलेला नवरा दोनदा अंडी घेऊन परतला. सगुणाने दोन्ही वेळा आम्लेट केलं. मी तेव्हाच घाबरायला हवं होतं.

तिसऱ्या रविवारी मला राहवेना. चालकाची सीट अडलेली आहे, पण शेजारची रिकामी आहे ना? भाभी विहिरीवर होत्या. मी पलीकडचं दार हिसडा मारून उघडलं, अंग चोरून आत उतरलो आणि पूर्वीसारखं ऐटीत धाडकन लावलं. दाराची कडी माझ्या हातात आली.

पाच वर्षांत गाडी तेवढीच राहिली होती. मी तेवढाच राहिलो नव्हतो. गुडघे छातीला, पोट डॅशबोर्डला आणि डोकं टपाला लागलेलं. बाहेरून भाभींनी ओढून पाहिलं, दार गंजून बसलेलं. टपाचा सांगाडाही उघडेना. चालकाच्या दारातून निघायचं तर वाटेत तेरा अंडी. मी नुसता उजवा हात पुढे केला, तर कोंबडीने अंगठ्याला अशी चोच मारली, की गाडी कुणाची याबद्दल शंका उरली नाही.

"भाभी, दोन मिनिटं तिला उचला," मी काकुळतीला येऊन म्हटलं.

"चार दिवस राहिलेत, भाऊ," भाभी म्हणाल्या. "आता कशी उचलू?"

त्यांनी मला अर्ध्याच उघडणाऱ्या खिडकीतून चहा दिला, कोंबडीला तांदूळ दिले आणि आत जाऊन अहमदभाईंच्या डायरीतून नंबर काढून माझ्या घरी फोन केला. बाई जेवायची खोळंबली असेल म्हणून. सगुणाने म्हणे एकच विचारलं, "कुठल्या सीटवर?"

दीड तासाने रिक्षा आली. सगुणा उतरली, मागून तेजस्वी. पोरीने ही गाडी कळत्या वयात कधी पाहिलीच नव्हती. ती खिडकीला नाक लावून माझ्याकडे आणि स्टिअरिंगमागे बसलेल्या कोंबडीकडे बघत राहिली.

"बाबा, ती तुम्हाला घरी सोडणार आहे?"

सगुणा हसली नाही. तिने भाभींकडून नारळ सोलायची कोयती मागून घेतली आणि काचेशी वाकली.

"गाडी पाहिजे, की बाहेर यायचंय?"

मी त्या टपावरून हात फिरवला. याच टपाखाली मी शिवलकरसाहेब होतो. मग म्हटलं, बाहेर यायचंय. तिने माझ्या बाजूचा टप कोयतीने टर्रकन फाडला. फाडता फाडता, कोंबडी बिथरू नये म्हणून हळू आवाजात, म्हणाली, "तेजस्वीला घरी आणली त्या दिवशी पुलावर रिक्षावाल्याने विचारलं होतं, बाई, ते पुढच्या गाडीत हार घालून चाललेत ते कोण? मी सांगितलं, माहीत नाही." पाच वर्षं हे तिने पोटात ठेवलं होतं. मला खरंच वाईट वाटलं. तसं बोलूनही दाखवलं असतं, पण तेवढ्यात सगुणा आणि भाभींनी मला काखेत धरून वर ओढलं आणि मी बोचक्यासारखा अंगणात पडलो. कोंबडी जागची हलली नाही. भाभींनी आधी तिची अंडी मोजली, मग मला लागलं का ते विचारलं.

टपाची भरपाई द्यायला मी खिशात हात घातला, तर भाभी नको म्हणाल्या. वरून हवा आली, पिल्लांना बरं. मी दुसरी किल्ली त्यांच्या हातात ठेवली. त्यांनी ती खुराड्याच्या खिळ्याला अडकवली, आणि सगुणाला पानात गुंडाळलेली हातभर सुरमई दिली.

सगुणा रिक्षात बसली, तेजस्वी बसली, दोघींच्या मधे सुरमई. मी एक पाय आत टाकला.

"जागा कुठाय?" सगुणा म्हणाली. "सुरमई आहे ना."

रिक्षा गेली. मी फाट्यावर एसटीची वाट बघत उभा राहिलो. तासाभराने आलेली एसटी भरलेली, माणूस नसलेली सीट एकच. तिच्यावर एका म्हातारीची टोपली आणि टोपलीत कोंबडी. कंडक्टर भला माणूस, टोपली खाली ठेवायला सांगतो म्हणाला. मी म्हटलं, नको, बसू दे तिला. आणि भाट्यापर्यंत दांडा धरून उभा आलो.