बट्टा वजा जाता

रेवणप्पांच्या कडब्याच्या गंजीला आग लागली तेव्हा ते दुकानात बसले होते. त्यांचा सालगडी धापा टाकत आला आणि म्हणाला, "अप्पा, गंज पेटली." अप्पांनी मान थोडी तिरपी केली, डोळे बारीक केले आणि म्हणाले, "परत वाजव."

गड्यानं परत सांगितलं.

"तू डोळ्यानं बगितलास का?"

"मारुतीच्या देवळापसून धूर दिसायलाय की."

"मग धूर म्हण. आग कामून म्हणतूस?"

अप्पांनी तोंडी हिशोब केला: धूर सोळा आणे खरा, आग बारा आणे, आणि गंज आपलीच असणं आठ आणे. मग ते उठले आणि जोडे शोधू लागले. ते पोचले तेव्हा निम्मी गंज गेली होती. माणूस हळहळला असता. अप्पा मात्र पुढं कितीतरी दिवस अभिमानानं सांगत, "म्या आठच आणे धरलो होतो. निम्मीच जळली बगा."

आळंदच्या बाजारात अप्पांचं बट्ट्याचं दुकान होतं. आता हा धंदाच राहिला नाही, म्हणून सांगावं लागतं. आमच्या निजामी मुलखात हाली रुपया चालायचा आणि हद्दीपलीकडं, अक्कलकोट-सोलापूरला, इंग्रजी कलदार. कलदार भारी, हाली त्याच्यापेक्षा जरा हलका. सोलापूरला लग्नाचा बस्ता बांधायला निघालेला माणूस हाली देऊन कलदार घ्यायचा, तिकडं तूर विकून आलेला कलदार देऊन हाली घ्यायचा. दोन्हींतल्या फरकाला बट्टा म्हणत. तो रोज थोडा चढायचा, थोडा उतरायचा. अप्पांच्या पुढ्यात एक काळा गुळगुळीत दगड असे. आलेला प्रत्येक रुपया ते त्यावर टाकून वाजवत आणि मान तिरपी करून ऐकत. आयुष्यभर हेच केल्यामुळं माणसाचं बोलणंही ते तसंच ऐकत.

माणसं खोटं बोलतात असं त्यांचं म्हणणं कधीच नव्हतं. "खोटा रुपया येगळा आन हाली रुपया येगळा," ते मला सांगत. "मान्सं खोटं बोलत न्हाईत मास्तर, हाली बोलत्यात. बट्टा वजा करा, मग ऱ्हायलं ते कलदार."

मी तिथल्या सरकारी शाळेत मास्तर होतो आणि अप्पांच्या शेजारी राहत होतो, त्यामुळं माझ्याही बोलण्याला बट्टा लागे. माझा साधारण तीन आण्यांचा होता. शाळा तपासायला साहेब यायचे असले की तो पाच आण्यांवर जाई. मुलीचं स्थळ घेऊन आलेल्या मध्यस्थाचा बारा आणे, वैद्याचा दहा. एकदा त्यांच्या बायकोनं, गंगक्कांनी, अंगात कसर आहे म्हणून सांगितलं. अप्पांनी नेहमीप्रमाणं चार आणे कापले आणि दुकानाला निघून गेले. गंगक्का तापानं फणफणल्या, आठवडाभर अंथरुणातून उठल्या नाहीत. तेव्हापासून त्यांच्या बोलण्याचा बट्टा कायमचा बंद झाला. "तिचं बोलणं कलदार हाय," अप्पा म्हणत. साऱ्या आळंदात ही सवलत त्या एकट्या बाईला होती.

मग मोठी लढाई लागली आणि अप्पांच्या धंद्याला खरी बरकत आली. पैशाच्या नव्हे, दुसऱ्या.

नारायण म्हणून एक तरुण होता. सोलापूरला शिकून, खादी घालून परत आला होता. त्याच्या वडिलांच्या आडतीवर बॅटरीवरचा रेडिओ होता. संध्याकाळी तिथं दिल्लीच्या बातम्या लागत आणि दार जरा लोटून घेतलं की बर्लिनच्याही. दोन्हीकडचे लोक हिंदुस्थानीतच बोलत आणि दोन्हीकडं रोज जयच होत असे. नारायणला बर्लिनचं सगळं पटे, कारण इंग्रज हरावा असं त्याला मनापासून वाटे. आमचे अमीनसाहेब, म्हणजे पोलिसांचे फौजदार, यांना दिल्लीचं सगळं पटे. त्याबद्दल त्यांना पगारच होता. आडतीवर पोत्याला टेकून अप्पा बसत आणि दिल्ली-बर्लिन दोन्हींचा भाव काढत.

दिल्लीनं एकदा सांगितलं की आमच्या फौजा ठरल्याप्रमाणं मागच्या, अधिक सोयीच्या जागी आल्या आहेत. अप्पा म्हणाले, "माझा बैल बी असाच ठरवून बसतो." नारायण खूष होऊन हसला. अप्पा त्याच्याकडं वळले, "हसू नगंस. मागं आलाव म्हणलेत न्हवं? तेवढं कलदार हाय. आपला तोटा आपल्या तोंडानं सांगितला की त्याला बट्टा न्हाई." त्यांच्या धंद्यातला हा एकच नियम अढळ होता. आपला रुपया हलका आहे असं गिऱ्हाईकानं आपणहून सांगितलं, तर तो रुपया ते दगडावर वाजवतही नसत.

दुसऱ्या दिवशी बर्लिननं एक इंग्रजी जहाज बुडवलं. नारायण मांडीवर थाप मारून उठला. अप्पांनी मान तिरपी केली.

"ह्ये जहाज मागल्या म्हैन्यात बुडालं होतं की रे. वर कवा आलं?"

नारायण भडकला. "अप्पा, एकदा सांगून टाका. तुम्ही देशाच्या बाजूचे का इंग्रजाच्या?"

"म्या दगडाच्या बाजूचा. पैसा वाजतो तसा वाजतो. दगड काय करंल?"

असा माणूस दोन्ही बाजूंना नकोसा होतो. नारायणची मंडळी त्यांना सरकारचा चमचा म्हणू लागली आणि सरकारनं त्यांना चौकीवर बोलावून घेतलं. साक्षीदार म्हणून मीही गेलो. गेलो म्हणजे अप्पांनी हात धरून नेलं.

अमीनसाहेब टेबलावर छडी ठेवून म्हणाले, "क्या अप्पा, सरकार की बात कू बट्टा लगाते कते तुम? सरकार कू झूटा बोलते?"

"तोबा साब. झूटा कायकू बोलूँ? हाली बोलता."

"एकीच बात है वो."

"कैसी एक साब? आपका तनखा बी हाली है. खोटा है क्या?"

अमीनसाहेबांनी छडी उचलली, तिच्याकडं पाहिलं आणि परत ठेवली. हाली रुपयावर त्यांच्याच सरकारचा छाप होता, त्यामुळं त्याला हलका म्हणणं गुन्हा आहे की नाही हे त्यांना ठरवता येईना. शेवटी त्यांनी चहा मागवला. निघताना हळूच विचारलं, "वो आफ्रिका की खबर... कितने आने धरे?" अप्पा म्हणाले, "नौ." साहेबांना तो भाव पटलेला दिसला.

आता गुरुपादचं सांगायला हवं. गुरुपाद हा अप्पांचा एकुलता एक मुलगा. त्याला बट्ट्यात रस नव्हता, मोटारीत होता. आळंद-गुलबर्गा सर्व्हिस मोटार तो चालवायचा आणि हॉर्नच्या आवाजावरून गाडी कुणाची ते सांगायचा. ही खोड कुठून आली ते सांगायला नको. सोलापूरला भरतीच्या माणसानं त्याला सांगितलं की लष्करात लॉरी चालवायची, काम लढाईच्या कितीतरी मागं, जिवाला धोका नाही. गुरुपादनं हे घरी येऊन सांगितलं. अप्पांनी बारा आणे बट्टा कापला. पोरगं हसत म्हणालं, "अप्पा, चार आणे तर खरं हाय न्हवं? मला तेवढं पुरे." आणि गेलं. पुढं मलायात आहे असं कळलं.

ते गेल्यावरही अप्पा आडतीवर तसेच येत राहिले. मलायाची बातमी लागली की माणसं त्यांच्याकडं बघायची. ते पोत्याला टेकून मान तिरपी करायचे आणि भाव सांगायचे. आवाजात काही फरक नसे. मलायातून फौजा मागं येत होत्या, पुन्हा मागं येत होत्या, आणि एका संध्याकाळी दिल्लीनं सांगून टाकलं की सिंगापूर पडलं.

"कलदार," अप्पा म्हणाले.

मग दार लोटून बर्लिन लावलं. जपाननं हजारो शिपाई कैद केलेत, सगळ्यांना नीट सांभाळलंय, असं तिकडचा माणूस आनंदानं सांगत होता. नारायण अप्पांच्या जवळ येऊन बसला. एरवी अप्पांशी वाकडा बोलणारा पोरगा, पण त्या दिवशी त्यानं त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. "अप्पा, कैद झालेत म्हणजे जित्ते हायेत. ह्ये तर सोळा आणे धरा."

अप्पांनी त्याला बातमी परत सांगायला लावली. मग म्हणाले, "कैद धा आणे. नीट सांभाळलंय, ते दोन."

मला त्यांचा राग आला. खरंच आला. जिंकलेल्याची फुशारकी आहे म्हणून बट्टा मोठा, हे त्यांच्या हिशोबानं बरोबर होतं. पण स्वतःच्या पोराच्या जिवाचा भाव काढताना तरी या माणसाचा हात थोडा सैल सुटायला हवा होता. मी चार-सहा दिवस त्यांच्याशी बोललो नाही. त्यांच्या ते ध्यानात आलं की नाही कोण जाणे.

सरकारच्या यादीत गुरुपाद लापता होता; त्यापलीकडं बराच काळ काहीच कळलं नाही. बाजारात अफवा यायच्या. कुणाच्या भाच्याला रंगूनकडं एक आळंदचा ड्रायव्हर भेटला होता, कुणी गाणगापूरच्या यात्रेत त्याचं नाव ऐकलं होतं. अप्पा प्रत्येक अफवा वाजवून घेत. कुणाला हाकलत नसत आणि कुणाचा भाव वाढवतही नसत.

मग एका बाजारच्या दिवशी, भर गर्दीत, अमीनसाहेब दुकानाशी आले. छडी नव्हती. त्यांनी टोपी काढली आणि ते अप्पांच्या फळीवर टेकले. तिथं ते आधी कधी बसलेले मी पाहिले नव्हते. अप्पांच्या हातात एका गिऱ्हाइकाचा रुपया होता.

"अप्पा, सोलापूर से खबर आई. सरकारी. गुरुपाद..." ते थांबले. "अब लापता नै बोलते. गुजर गया बोलते. वहींच, मलाया में."

अप्पांनी मान तिरपी केली.

"परत वाजवा साब," ते मराठीतच म्हणाले.

अमीनसाहेबांनी परत सांगितलं. या वेळी आवाज इतका खाली गेला होता की शेजारी बसून मला नीट ऐकू आलं नाही. मग साहेबच घाईघाईनं म्हणाले, "पर अप्पा, सरकार की बात है. सरकार क्या, कुछ बी बोलती. बट्टा काटो ना. तुमीच बोलते ना हमेशा." सरकारला बट्टा लावला म्हणून ज्या माणसानं अप्पांना चौकीवर बोलावलं होतं, तोच आता बट्टा लावा म्हणून विनवत होता.

"नै साब," अप्पा म्हणाले. "अपना नुकसान अपने मूँ से बोले, उसकू बट्टा नै."

हातातला रुपया त्यांनी वाजवला, गिऱ्हाइकाला बरोबर मोड दिली आणि दुकान बंद केलं. मी त्यांच्याबरोबर घरापर्यंत चालत गेलो. गंगक्का दारातच उभ्या होत्या, कारण अमीनसाहेब दुकानावर बसल्याचं आमच्या आधी गल्लीत पोचलं होतं.

"काय म्हणाले अमीनसाब?"

अप्पांनी जोडे काढले. "सरकार म्हणायलंय पोरगं न्हाई म्हणून. सरकारचं काय, रोज एक सांगतंय. आठ आणे बट्टा धर."

"बरं," गंगक्का म्हणाल्या आणि पाण्याचा तांब्या आणायला आत गेल्या.

त्या दिवसापासून अप्पांनी बातमीचा भाव काढणं सोडून दिलं. आडतीवर येत, ऐकत, आणि कुणी विचारलंच तर "मास्तरला इचारा" म्हणत. मला तो धंदा कधी जमला नाही.

येळवशीला, मार्गशीर्ष अमावास्येच्या शेतपूजेला, गंगक्कांनी मला शेतात जेवायला बोलावलं. ज्वारीत पूजेसाठी कडब्याची कोप केली होती, शेंगा-पालेभाज्यांची भज्जी होती, आंबील होतं. पानं मांडताना त्यांनी एक पान जादा मांडलं आणि त्यावर अर्धीच भाकरी ठेवली. मी बघतोय असं दिसल्यावर त्या हळूच म्हणाल्या, "त्येंनी आठ आणे म्हणलं, मास्तर. म्या परत वाजवा म्हणलं न्हाई." आणि भज्जी वाढत पुढं गेल्या.

जेवण झाल्यावर अप्पा आणि मी बांधावर बसलो. मला राहवलं नाही. "अप्पा, तोट्याच्या बातमीला बट्टा नसतो, हे तुमचंच म्हणणं. मग घरात आठ आणे कसे?"

त्यांनी जवळचं एक कणीस ओढून तळहातावर चोळलं.

"तिला हाली दिलो, मास्तर," ते म्हणाले. "कलदार माझ्यापाशी ऱ्हाऊ द्या."

आंबिलाचं मडकं कडेवर घेऊन गंगक्का बांधाकडं येत होत्या, म्हणून मी घाईनं तुरीचा भाव विचारला.